शुक्रपेशी अंडपेशीत 'शिरत' नाही : ओळख, चिकटणं आणि एकजीव होणं

निशिगंध :

शाळेच्या पुस्तकात फलनाला जेमतेम एक ओळ मिळते. शुक्रपेशी अंडपेशीत शिरते आणि युग्मनज तयार होतो. वर्गात हे वाक्य मी अनेक वर्षं शिकवलं आणि ते मला कायम खटकत आलं आहे, म्हणून हा धागा.

शुक्रपेशी शिरत नाही. दोन्ही पेशींची पटलं, म्हणजे बाहेरची पातळ आवरणं, आधी एकमेकांना चिकटतात. मग त्या जागी दोन पटलांचं एक पटल होतं, आणि शुक्रपेशीचा आतला ऐवज अंडपेशीच्या आत आपोआप मोकळा होतो. शरीरातल्या बहुतेक पेशी आयुष्यभर शेजारीशेजारी राहूनही एकजीव होत नाहीत, कारण पाण्यात असलेली दोन पटलं अगदी जवळ आणायला बरीच ऊर्जा लागते. या दोन पेशींना ते जमतं, आणि तेही आपल्याच जातीच्या पेशीशी. कसं?

याचं उत्तर शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ओळखून चिकटणं ही एक पायरी आणि एकजीव होणं ही वेगळी पायरी. दोन्हींची यंत्रणा वेगळी. एक बिघडवली तरी दुसरी चालू राहते.

आधी झाडांचं बघू, कारण तिथे गोष्ट जास्त उलगडली आहे.

सपुष्प वनस्पतीच्या शुक्रपेशीला पोहता येत नाही. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या स्त्रीभागाच्या टोकावर, रुजतो, परागनलिका कुक्षीखालच्या दांड्यातून, म्हणजे कुक्षीवृंतातून, खाली वाढते आणि दोन शुक्रपेशी तिच्या आतून वाहून नेल्या जातात. नलिकेला बीजांडाची वाट कोण दाखवतं, हा प्रश्न शंभरेक वर्षं लोंबकळत होता. जपानच्या तेत्सुया हिगाशियामांनी तो तोरेनिया या बागेतल्या फुलझाडावर सोडवला. या झाडाचा भ्रूणकोष, म्हणजे अंडपेशी जिथे असते तो भाग, बीजांडाच्या बाहेर डोकावतो, त्यामुळे तो सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतो. त्यांनी लेझरने भ्रूणकोषातली एकेक पेशी मारून पाहिली. अंडपेशी मारली तरी नलिका येत राहिल्या. मध्यवर्ती पेशी मारली तरी आल्या. अंडपेशीच्या शेजारच्या दोन सहायक पेशींपैकी एक मारली तर ओढ कमी झाली. दोन्ही मारल्या तेव्हा एकही नलिका आली नाही. हा प्रयोग 2001 चा. या पेशी जी छोटी प्रथिनं सोडतात ती 2009 मध्ये सापडली आणि त्यांना 'ल्युअर' हे नाव मिळालं. जवळच्या नात्यातल्या दोन जातींची ल्युअर प्रथिनंही सारखी नसतात, म्हणजे आपल्या जातीची निवड वाटेतच सुरू होते.

नलिका सहायक पेशीपाशी पोचली की फुटते आणि दोन शुक्रपेशी बाहेर पडतात. ॲराबिडोप्सिस या मोहरीच्या नातलगात त्या सात-आठ मिनिटं अंडपेशी आणि मध्यवर्ती पेशी यांच्या मध्ये स्वस्थ पडून असतात. या थोड्या वेळात बरंच काही घडतं. अंडपेशी ईसी1 नावाची प्रथिनं बाहेर टाकते. ती शुक्रपेशीला भिडली की शुक्रपेशीच्या आत दडलेलं हॅप2 हे प्रथिन तिच्या पृष्ठभागावर येतं. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या श्टेफानी श्प्रुंक यांच्या गटाने हे 2012 मध्ये दाखवलं. अंडपेशी निमूट वाट बघत बसते हे चित्र मला तेव्हापासून पुसून टाकावंसं वाटतं. शुक्रपेशीला मीलनासाठी तयार तीच करते.

हॅप2 हा या गोष्टीतला सर्वांत मोठा शोध. तोशियुकी मोरी आणि त्सुनेयोशी कुरोइवा यांच्या गटाला ते लिलीच्या परागकणांत सापडलं (2006, तेव्हाचं नाव जीसीएस1). अमेरिकेतल्या मार्क जॉन्सन यांच्या कामातून तेच जनुक ॲराबिडोप्सिसमध्ये हॅप2 म्हणून आधीच पुढे आलेलं होतं. हॅप2 नसलेल्या शुक्रपेशी योग्य जागी पोचतात, अंडपेशीला टेकतात आणि तशाच पडून राहतात. 2008 मध्ये क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालातही तेच दिसलं. हॅप2 काढून टाकलं तरी दोन्ही युग्मकांची (मीलन होणाऱ्या पेशींची) पटलं घट्ट चिकटली होती, पण एक झाली नाहीत. ओळख आणि मीलन वेगवेगळं, हे इतकं स्वच्छ दाखवणारे प्रयोग फार नाहीत.

2017 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या फेलिक्स रे यांच्या गटाने हॅप2 ची त्रिमितीय रचना उलगडली, आणि ती डेंगी व झिका विषाणूंच्या आवरणातल्या प्रथिनाच्या घाटणीची निघाली. विषाणू ज्या प्रकारच्या प्रथिनाने आपल्या पेशीशी एकजीव होऊन आत येतो, त्याच प्रकारचं प्रथिन लिलीच्या शुक्रपेशीवर आहे. प्रथिनाचं टोक समोरच्या पटलात रुततं, मग प्रथिन स्वतःवर दुमडतं आणि दोन्ही पटलं एकमेकांवर ओढली जातात. हॅप2 वनस्पतींत आहे, शैवालांत आहे, हिवतापाच्या परजीवीत आहे, काही कीटकांत आहे. पृष्ठवंशी प्राण्यांत नाही. आपल्याकडे हे काम दुसरंच कुणीतरी करतं.

आता सस्तन प्राणी. इथे अंडपेशीभोवती आधी पेशींचा थर असतो आणि त्याच्या आत झोना पेल्युसिडा हे प्रथिनांचं पारदर्शक कवच. कोट्यवधी शुक्रपेशी निघतात, त्यांतल्या शेकड्यांच्या घरात फलनाच्या जागेपर्यंत पोचतात. ताज्या शुक्रपेशीला फलन करताच येत नाही. मादीच्या शरीरात काही काळ राहून तिच्यात बदल व्हावे लागतात, हे चँग आणि ऑस्टिन यांनी 1951 मध्ये वेगवेगळं दाखवलं. तेव्हा 'सगळ्यांत जोरात पळणारी जिंकते' ही शर्यतीची गोष्ट कृपया मुलांना सांगू नका. घाईने आधी पोचलेली, अजून तयार न झालेली शुक्रपेशी तिथे निरुपयोगी असते.

तयार झालेल्या शुक्रपेशीच्या डोक्यावरची पिशवी, म्हणजे ॲक्रोसोम, फुटते आणि तोवर आत झाकलेलं इझुमो1 हे प्रथिन पृष्ठभागावर येतं. ओसाकाच्या नाओकाझु इनोउए, मासाहितो इकावा आणि मासारु ओकाबे यांनी ते 2005 मध्ये शोधलं आणि विवाहाशी जोडलेल्या इझुमो देवस्थानाचं नाव त्याला दिलं. इझुमो1 नसलेल्या उंदराच्या शुक्रपेशी झोना ओलांडतात, अंडपेशीपाशी गोळा होतात आणि तिथेच थांबतात. अंडपेशीवरचा जोडीदार सापडायला 2014 उजाडलं. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या एन्रिका बियांची आणि गॅव्हिन राइट यांनी त्याला रोमन विवाहदेवतेचं नाव दिलं, जुनो. मादीत जुनो नसेल तर ती वांझ. नरात इझुमो1 नसेल तर तो वांझ.

प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींवर एकीकडे इझुमो1 आणि दुसरीकडे जुनो चढवलं, तर त्या एकमेकींना घट्ट धरतात. पण एकजीव होत नाहीत. ओळख पटली, मीलन नाही. झाडांकडे मीलनाचं यंत्र हातात आलं, आपल्याकडे ओळखीची जोडी हातात आली, आणि मीलन घडवणारं प्रथिन कोणतं यावर आजही वाद चालू आहे.

एवढं लिहून थांबते. प्रश्न, हरकती, भर, सगळ्याचं स्वागत.

---

बारावी_ब :

मॅडम, द्विफलनात दोन शुक्रपेशी असतात ना, मग अंडपेशीकडे कोणती जाणार आणि मध्यवर्ती पेशीकडे कोणती, हे आधीच ठरलेलं असतं का? आमच्या पुस्तकात नाहीये.

---

निशिगंध :

फार चांगला प्रश्न. ॲराबिडोप्सिसमध्ये दोन शुक्रपेशींना वेगवेगळ्या रंगांनी चमकवून पाहिलं तेव्हा ठरावीक वाटणी दिसली नाही, दोघींपैकी कुणीही कुणाशीही एकजीव होते. पण चित्रक बघ. हो, काढ्यात घालतात तोच चित्रक, प्लम्बॅगो झेलॅनिका. त्याच्या दोन शुक्रपेशी दिसायलाच वेगळ्या. एकीत प्लास्टिडं भरपूर, दुसरीत तंतुकणिका भरपूर (दोन्ही पेशीच्या आतली अंगकं). स्कॉट रसेल यांनी 1985 मध्ये दाखवलं की प्लास्टिडं जास्त असलेली जवळजवळ नेहमी अंडपेशीशीच जाते. आणि चित्रकाला सहायक पेशी नसतातच! वर मी तोरेनियाबद्दल जे लिहिलं ते तसंच्या तसं त्याला लावता येणार नाही.

द्विफलन पहिल्यांदा पाहिलं ते सर्गेई नवाशिन यांनी, 1898 मध्ये, कीव्हला, लिली आणि फ्रिटिलारिया या फुलांत. मध्यवर्ती पेशीशी होणाऱ्या दुसऱ्या मीलनातून भ्रूणपोष, म्हणजे गर्भाचा अन्नसाठा, तयार होतो. ज्वारीच्या दाण्यातलं पीठ म्हणजे तोच. शहाळ्यातलं पाणीही भ्रूणपोषच आहे, त्यात पेशींच्या भिंती अजून पडलेल्या नसतात.

---

भुईचाफा :

आमचा मका येवल्याकडे. यंदा कणसं दिसायला मोठी पण शेंड्याकडे दोन-तीन बोटं बिनदाण्याची निघाली. दुकानदार म्हणाला बियाणं खराब. तुमचा लेख वाचल्यावर वाटलं, हे फलनाचंच काही असेल का?

---

निशिगंध :

दादा, शेत न बघता नक्की सांगणं बरोबर नाही, पण शेंडा रिकामा राहण्यामागे फलन चुकलेलं असण्याची शक्यता मोठी असते. कणसाचा प्रत्येक केस एकेका बीजांडाचा. केसावर परागकण पडला, नलिका त्या केसातून खालपर्यंत गेली, तर तिथे दाणा. नाही तर ती जागा रिकामी. बुडाचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे सर्वांत शेवटी. पाण्याचा ताण पडला की केस उशिरा निघतात, पण तुरा आपल्या वेळेला पराग सांडून मोकळा होतो. मग शेंड्याच्या केसांना परागच मिळत नाही. त्यात कडक ऊन असेल तर पराग लवकर मरतो. दाणे आधी धरून नंतर सुकले असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा अन्नद्रव्यांकडे किंवा उशिराच्या ताणाकडे बघावं लागतं. कणीस सोलून रिकाम्या भागात सुकलेले बारीक दाणे आहेत का ते बघा. पुढच्या वेळी तुरा येण्याच्या आणि केस निघण्याच्या दिवसांत एक पाणी चुकू देऊ नका.

---

भुईचाफा :

बघितलं. सुकलेले दाणे नाहीत, जागा नुसतीच रिकामी आहे. आणि तुऱ्याच्या वेळेला विहीर आटत आली होती, पाळी लांबली. धन्यवाद ताई.

---

मुळामुठा :

मक्याचा विषय निघालाच आहे तर थोडी भर. मका पैदासकार 'हॅप्लॉइड इंड्यूसर' नावाचे वाण वापरतात. त्यांचा पराग दिला की काही दाण्यांतल्या गर्भात बापाची गुणसूत्रं राहतच नाहीत, फक्त आईची राहतात. मग ती दुप्पट करून एका फटक्यात शुद्ध वाण मिळतो, नाहीतर सहा-सात पिढ्या जातात. हा गुणधर्म 1959 मध्ये 'स्टॉक 6' या वाणात दिसला होता. त्यामागचं जनुक 2017 मध्ये तीन गटांनी शोधलं, आणि ते निघालं परागातच काम करणारं, पटलातल्या मेदावर काम करणारं एक विकर. दुसरं जनुक डीएमपी, तेही शुक्रपेशीच्या मीलनाशी जोडलेलं. म्हणजे मीलनाच्या यंत्रणेत मुद्दाम थोडा बिघाड ठेवला की पैदासकाराला त्याचा उपयोग होतो. कर्नाटकात कुणिगलला सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन संस्थेने यासाठी स्वतंत्र केंद्र उभारलं आहे.

---

इन्क्युबेटर_37 :

मी भ्रूणतज्ज्ञ आहे, आयव्हीएफ प्रयोगशाळेत काम करते. लेख आवडला, विशेषतः 'शिरत नाही' हे. रोज हेच बघते, तरी अंगावर काटा येतो.

प्रयोगशाळेतलं थोडं सांगते. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र ठेवल्यावर साधारण सोळा ते अठरा तासांनी आम्ही तपासतो. दोन प्रकेंद्रकं (एक बीजाचं, एक शुक्राणूचं) दिसली की फलन नीट झालं. कधीकधी तीन दिसतात, म्हणजे बहुधा दोन शुक्राणू आत गेलेले असतात. तसा भ्रूण वापरत नाही.

हे टाळायला स्त्रीबीज काय करतं ते सांगायचं राहिलंय असं वाटतं. पहिला शुक्राणू एकजीव झाल्यावर बीजातल्या कॅल्शियमच्या लाटा सुरू होतात, पटलाखालच्या कणिका फुटतात आणि त्यांतलं ओव्हास्टॅसिन हे विकर झोनातलं झेडपी2 प्रथिन कापतं. मग नवे शुक्राणू झोनाला चिकटत नाहीत. शिवाय जुनो! उंदरात फलनानंतर साधारण चाळीस मिनिटांत ते पटलावरून नाहीसं होतं.

---

निशिगंध :

ही भर हवीच होती. झाडांतही एकाच बीजांडात दुसरी नलिका सहसा येत नाही. फलन झालं की उरलेली सहायक पेशी निकामी होते आणि बोलावणं थांबतं. पहिल्या नलिकेतल्या शुक्रपेशींनी काम केलं नाही, तर मात्र तीच सहायक पेशी दुसऱ्या नलिकेला बोलावते. मला हे विलक्षण वाटतं. बीजांड आपला एक राखीव प्रयत्न हाताशी ठेवतं.

---

सायली_ठाणे :

इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमची मुलगी इक्सीने झाली, आता सहा वर्षांची आहे. हे वाचताना मनात आलं की तिच्या वेळी तर ही सगळी ओळख झालीच नाही. सुईने शुक्राणू थेट आत सोडला. निसर्गाने जी तपासणी ठेवली होती ती आम्ही ओलांडली, असं झालं का? इन्क्युबेटर_37, तुम्ही सांगाल का?

---

इन्क्युबेटर_37 :

सायलीताई, पटलावरची ही ओळख शुक्राणूच्या आतला डीएनए तपासत नाही. इझुमो1 आहे की नाही, ॲक्रोसोम फुटलंय की नाही, जात तीच आहे की नाही, एवढंच तिथे ठरतं. इझुमो1 नसलेल्या उंदरांचे शुक्राणू इक्सीने आत सोडले तेव्हा पिल्लं जन्माला आली. म्हणजे अडचण फक्त दारात होती. इक्सीत ते दार आपण ओलांडतो. ब्रुसेल्समध्ये 1992 पासून ही पद्धत आहे आणि तिच्या मदतीने जगभर मुलं जन्मली आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. शुक्राणू फारच कमी असण्यामागे काही वेळा वडिलांच्या वाय गुणसूत्रातला तुटलेला भाग असतो, आणि तो मुलग्यांकडे जाऊ शकतो. मुलीकडे वाय जात नाही. तुमच्या उपचारांच्या वेळी अशी तपासणी झाली असेल तर अहवाल जपून ठेवा, शंका असेल तर जनुकीय समुपदेशकांना दाखवा. मुलीला खूप प्रेम.

---

निशिगंध :

सायली, एक गोष्ट मला फार आवडते ती सांगते. उंदरांत इक्सीने फलन झालेल्या अंडपेशीवरून जुनो जात नाही, तसंच राहतं. म्हणजे पटलांचं मीलन झालं तरच जुनो सोडायचं, असा काहीतरी संबंध तिथे आहे. गर्भ मात्र व्यवस्थित वाढतो. तुझ्या लेकीच्या पहिल्या तासात काही गोष्टी वेगळ्या क्रमाने झाल्या, इतकंच.

मुंबईच्या के.ई.एम. मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून 1986 मध्ये आयव्हीएफने हर्षाचा जन्म झाला, तेव्हा जुनो माहीत नव्हतं, इझुमो1 माहीत नव्हतं. त्याही आधी, 1978 मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या हातून याच पद्धतीने दुर्गा जन्मली होती, आणि त्यांना हयातीत न्याय मिळाला नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

---

सायली_ठाणे :

दोघींचे मनापासून आभार. नवऱ्यालाही वाचायला दिलं.

---

आष्टीकर :

गडचिरोलीत हिवतापाच्या कामात होतो. परजीवीतही हॅप2 आहे असं लिहिलंय, त्यावर जरा सविस्तर लिहाल का? आमच्या भागात हा विषय जवळचा.

---

निशिगंध :

हिवतापाच्या परजीवीचं मीलन माणसात होत नाही, डासाच्या पोटात होतं. माणसाच्या रक्तातून नर-मादी युग्मकांच्या आधीची रूपं डासात जातात, तिथे युग्मकं तयार होतात आणि एकजीव होतात. उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीतून हॅप2 काढलं तेव्हा नर युग्मक मादीला चिकटलं पण मीलन झालं नाही, आणि डासात पुढचा प्रवास थांबला. क्लॅमिडोमोनासमध्ये जे दिसलं तेच.

यावरून लशीची कल्पना निघाली. माणसाच्या रक्तात हॅप2 विरुद्ध प्रतिपिंडं असतील तर डास चावताना ती रक्तासोबत पोटात घेतो आणि तिथे मीलन अडतं. लस घेतलेल्या माणसाचा स्वतःचा ताप त्याने टळत नाही, त्याच्यापासून पुढच्या घरात जाणारा टळतो. तुमच्या भागात एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात पसरणारा हिवताप बघितलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. मच्छरदाणी आणि वेळेवर रक्ततपासणी यांना तोवर पर्याय नाही.

---

उंबरठा :

धागा उत्तम, पण एका मुद्द्यावर असहमत. 'यावर वाद चालू आहे' एवढं म्हणून सस्तन प्राण्यांचं प्रकरण सोडून दिलंत. 2023 मध्ये इस्रायलच्या टेक्निऑनमधल्या गटाने हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर उंदराचं इझुमो1 चढवलं आणि त्या पेशी एकजीव झाल्या, तेही जुनोशिवाय. मग इझुमो1 हेच मीलन घडवतं असं का नाही म्हणायचं?

---

निशिगंध :

तो शोधनिबंध महत्त्वाचा आहे. तरी मी थांबते, आणि कारण देते. इझुमो1 शाबूत असूनही नर वांझ होतो, अशी बरीच जनुकं सापडली आहेत. एसपीएसीए6, टीएमईएम95, डीसीएसटी1, डीसीएसटी2. यांतलं प्रत्येक गेलं की शुक्रपेशी अंडपेशीपाशी पोचूनही एकजीव होत नाही. अंडपेशीच्या बाजूला सीडी9 आहे. 2000 मध्ये तीन गटांनी दाखवलं की ते नसलेल्या उंदरिणींना पिल्लं जवळजवळ होतच नाहीत. इझुमो1 एकटं पुरेसं असतं तर ही रांग का?

---

उंबरठा :

मान्य, एकटं पुरेसं नाही. पण म्हणून ते मीलनाचं काम करतच नाही असंही ठरत नाही. मदतनीस लागणारं प्रथिन असू शकतं.

---

निशिगंध :

हो, ही शक्यता खुली आहे, आणि 2024 चं काम तिच्याकडेच बोट दाखवतं. व्हिएन्नाच्या आंद्रेआ पाउली यांच्या गटाने प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीला शुक्रपेशीवरची प्रथिनं जोडीजोडीने तपासायला दिली. त्यातून टीएमईएम81 हे नवं नाव पुढे आलं. इझुमो1, एसपीएसीए6 आणि टीएमईएम81 मिळून शुक्रपेशीवर त्रिकूट करतात असं त्यांचं म्हणणं. संगणकाचा अंदाज म्हणून ते सोडून देता येत नाही, कारण टीएमईएम81 नसलेले झेब्राफिश आणि उंदीर, दोन्हींचे नर वांझ निघाले.

माशांत या त्रिकुटाला धरणारं अंडपेशीवरचं प्रथिन बाउन्सर आहे. याच गटाने 2018 मध्ये झेब्राफिशच्या अंडपेशीवर मेडाका माशाचं बाउन्सर बसवलं, आणि मेडाकाच्या शुक्रपेशींनी त्या अंडपेशींचं फलन केलं. एक प्रथिन बदललं आणि इतक्या दूरच्या जातींमधला अडसर बराचसा उठला! शुक्रपेशीवरचं त्रिकूट माशात आणि उंदरात तेच, अंडपेशीवरचा जोडीदार मात्र वेगळा, इथे बाउन्सर आणि तिथे जुनो.

---

बारावी_ब :

मग माणसाची शुक्रपेशी दुसऱ्या प्राण्याच्या अंडपेशीशी जुळू शकते का?

---

इन्क्युबेटर_37 :

झोना काढून टाकलेल्या हॅमस्टरच्या अंडपेशीशी माणसाचा शुक्राणू एकजीव होतो, हे यानागिमाची यांनी 1976 मध्ये दाखवलं. पुढे काही वाढत नाही. पण शुक्राणूची क्षमता तपासायला ही चाचणी कित्येक वर्षं वापरात होती. कारण बियांची आणि राइट यांनी 2015 मध्ये शोधलं. हॅमस्टरचं जुनो माणसाच्या इझुमो1 ला धरतं. उंदराचं जुनो तसं धरत नाही. झोना शाबूत असेल तर हॅमस्टरच्या बाबतीतही शुक्राणू बाहेरच थांबतो, म्हणजे जात ओळखण्याचं बरंचसं काम ते कवचच करतं.

---

मुळामुठा :

त्याच कवचावर एक प्रत्यक्ष उपयोग उभा आहे. डुकराच्या झोनाची लस घोड्याच्या मादीला टोचली की तिच्या शरीरात झोनाविरुद्ध प्रतिपिंडं होतात आणि शुक्रपेशी चिकटत नाही. अमेरिकेतल्या असाटीग बेटावरच्या रानटी घोड्यांची संख्या अशीच आटोक्यात आणली, त्याचे प्रयोग 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले होते. दक्षिण आफ्रिकेत हत्तिणींनाही देतात.

---

बारावी_ब :

मॅडम, शेवटचा प्रश्न. झाडाचं आयव्हीएफ करतात का?

---

निशिगंध :

करतात, आणि त्यात भारत फार आधी होता. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरींच्या विभागात कुसुम कांता, रंगस्वामी आणि स्वतः माहेश्वरी यांनी 1962 मध्ये अफूच्या झाडाची बीजांडं काचनळीत वाढवली, त्यांच्यावर पराग टाकला, नलिका थेट बीजांडात गेल्या आणि बी तयार झालं. कुक्षीही नाही, कुक्षीवृंतही नाही. पुढे 1993 मध्ये जर्मनीत क्रांत्स आणि ल्योर्त्स यांनी मक्याची सुटी अंडपेशी आणि सुटी शुक्रपेशी विजेच्या झटक्याने एकजीव केल्या, आणि त्यातून फळतं झाड वाढवलं. तिथे ईसी1 चं बोलावणं लागलं नाही, हॅप2 लागलं नाही, विजेने पटलं जोडली. परीक्षा झाली की चित्रकाचं एक झाड कुंडीत लाव आणि फूल उभं चिरून भिंगाखाली बघ. अंडाशयात एकच बीजांड असतं, सापडायला सोपं आहे.